ट्रकच्या नाकातली वायर

अर्णव, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, वानखडे आजोबांच्या ट्रकमधून प्लग का हँग होतो?" मागून ईशा ओरडली की तो इलेक्ट्रिक ट्रक आहे. नाही ग बाई. तो डिझेलवर चालतो, आणि असा आवाज करत चालतो की चँडलरमधल्या तुमच्या त्या सुबक कॉलनीने अजून तक्रार कशी केली नाही याचं मला नवल वाटतं.

प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येईल. अतिशय थंड प्रदेशात उभ्या गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून त्यात एक हीटर बसवतात, आणि तो घरातल्या विजेवर चालतो. ती वायर त्याची. पण मग तुम्ही लगेच विचाराल, की जिथे उन्हाळ्यात स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही, तिथे ती कशाला हवी? त्याला एक वाक्य पुरत नाही. म्हणून लिहायला बसले आहे. आई वाचून दाखवेल. मध्ये मध्ये आपापले फोन बघू नका.

डॉक्टर वानखडे मूळचे नागपूरचे. उत्तर मिनेसोटातल्या आमच्या गावात ते आमच्याही आधी आले. गावातल्या छोट्या हॉस्पिटलात ते भूल द्यायचे. माणसाला झोपवायचं, झोपेत त्याच्या श्वासावर कान ठेवून बसायचं आणि काम झालं की हळूच उठवायचं, हे त्यांनी उभा जन्म केलं. निवृत्त झाल्यावर लोक आपला धंदा विसरतात, गोल्फ खेळतात, नको तिथे टोमॅटो लावतात. वानखड्यांनी फक्त पेशंट बदलला.

त्यांचं घर आमच्या शेजारी, मध्ये फक्त एक अंगण. त्यांच्या बायको शालूताई. शालूताईंच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, आणि त्याचं सेंटर पन्नास मैलांवरच्या शहरात. उन्हाळ्यात पन्नास मैल म्हणजे गाणी ऐकत जायचा रस्ता. जानेवारीत तोच रस्ता म्हणजे दोन्हीकडे पांढरी शेतं, समोर पांढरी हवा, आणि बाहेर उणे तीस.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांची जुनी मोटार बर्फाच्या ढिगात रुतली, मग रस्ता बंद झाला, आणि लागोपाठ दोन डायलिसिस चुकली. शालूताईंच्या फुप्फुसात पाणी झालं. रस्ता उघडेपर्यंत वानखडे त्यांच्या उशाशी बसून होते. मी पेज घेऊन गेले तर त्यांनी हात वर करून मला दारातच थांबवलं. ते श्वास ऐकत होते.

शालूताई त्यातून वाचल्या. एप्रिल उजाडला, आणि आमच्या अंगणात तो ट्रक आला.

दोन माणसांना शहरात जायला एक साधी उंच मोटार पुरली असती. विकणाऱ्यानेही म्हणे तसं सुचवून पाहिलं, आणि विकणारा माणूस स्वतःहून लहान गाडी सुचवतो म्हणजे पाहा. तुमच्याच ॲरिझोनातून त्यांच्या मुलाचा, निखिलचा, फोन आला. "डॅड, नॉर्मल गाड्या पण मिळतात."

"नॉर्मल गाड्या नॉर्मल लोकांसाठी असतात," डॉक्टर म्हणाले.

"कबूल केलं बघ," शालूताई माझ्याकडे वळून म्हणाल्या.

आणि डिझेलच का? तर तरुणपणी चंद्रपूरकडच्या सरकारी दवाखान्यात त्यांच्या दिमतीला एक डिझेलची जीप होती, ती कधीही, एकदाही, बंद पडली नव्हती. चंद्रपूरला मे महिन्यात कोंबडीने अंडं दिलं तर ते उकडूनच बाहेर यावं, अशी हवा. त्या हवेत चाललेल्या जीपवरून त्यांनी उत्तर मिनेसोटातल्या जानेवारीचा निष्कर्ष काढला. डॉक्टर माणूस, शास्त्रीय विचार करणारच.

ट्रक इतका उंच, की शालूताईंना चढता येईना. डॉक्टरांनी घरातल्या जेवायच्या पाटाला चार ठेंगणे पाय ठोकले आणि त्याची पायरी केली. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी हा मनुष्य जाड कोट, कानटोपी आणि हातात पाट अशा थाटात घरातून बाहेर यायचा, बर्फावर पाट मांडायचा, आणि शालूताई त्यावर पाय ठेवून वर चढायच्या. "ओवाळायचं तेवढं राहिलं," असं त्या रोज म्हणायच्या, आणि डॉक्टर रोज न ऐकल्यासारखं करायचे.

आता त्यांची थंडीची तयारी सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की तुमची आई तुम्हाला स्वेटर घाल म्हणते तो छळ नाही.

दसऱ्याला ट्रकची पूजा व्हायची, इथवर ठीक. त्याच दिवशी इंजिनात थंडीत पातळ राहणारं तेल पडायचं. दोन्ही बॅटऱ्यांना विजेवर तापणारी पांघरुणं चढायची. आणि गार वारा थेट इंजिनावर येऊ नये म्हणून पुढच्या जाळीवर एक आच्छादन यायचं. तसं आच्छादन दुकानात तयार मिळतं, काळं, बटणांचं. वानखड्यांनी एक जुनी सोलापुरी चादर कापून, तिला आतून रबर लावून, बटणं शिवून घरीच केलं. लाल-हिरव्या मोरांची चादर. वायर बाहेर काढायला नेमकं एका मोराच्या पोटात भोक. गावातल्या लोकांना बरीच वर्षं वाटत होतं की हा आमचा काही धार्मिक विधी आहे, आणि सभ्यपणाने कुणी विचारलं नाही.

रोज संध्याकाळी जेवणाआधी डॉक्टर बाहेर येऊन नारिंगी वायर जोडायचे. मग इंजिनाला कान लावायचे. हीटर सुरू झाला की पाणी तापताना बारीक सूं आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय घरात जेवण नाही. शालूताई पोळ्या झाकून खिडकीतून बघत बसायच्या. "माझा ताप कधी असा कान लावून पाहिला नाही," असं म्हणायच्या. ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर रिकाम्या जागेत दमट हवा साचते आणि तिचं पाणी होऊन गोठतं. "पेशंटला ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात, वहिनी. ट्रकला कधीच नाही," हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी स्वयंपाक करताना पुटपुटायला लागले.

पण खरा सोहळा गाडी सुरू करताना. डिझेलच्या इंजिनाला थंडीत आधी आतून ऊब द्यावी लागते. किल्ली अर्धी फिरवली की समोर एक पिवळा दिवा लागतो, आणि तो विझेपर्यंत थांबायचं. मगच किल्ली पुरती फिरवायची. सगळे लोक थांबतात. वानखडे नुसते थांबत नसत, ते आम्हालाही गप्प करत.

दर शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर शहरात जायची. मला तिथल्या लायब्ररीत काम असे, आणि शालूताईंना सोबत होई. मी मागच्या सीटवर. दिवा लागला की डॉक्टरांचा हात वर जायचा. "श्श्! इंजिन उठून राहिलं न. मध्ये बोलायचं नाही."

आणि नेमकं तेव्हाच शालूताई विचारायच्या, "अहो, गॅस बंद केला का?"

"श्श्!"

"श्श् काय? दूध होतं वर."

"शालू, दिवा!"

दिवा विझायचा, इंजिन गुरगुरत उठायचं, आणि डॉक्टर ऑपरेशन यशस्वी झाल्यासारखे आमच्याकडे वळून बघायचे. गॅसचं उत्तर शालूताईंना कधीच मिळालं नाही. मला वाटतं त्यांना ते नकोही असावं.

आमच्या घरी तेव्हा एक छोटी जपानी पेट्रोलची मोटार होती. तुमचे आबा ती रोज गॅरेजमध्ये लावत आणि रोज सकाळी ती मुकाट्याने सुरू होई. तिला वानखडे 'शिलाई मशीन' म्हणत. "काय आबासाहेब, मशीन काय म्हणतं? ब्लाउज शिवून झाले का?" आबा नुसते हसायचे. तुम्हाला आठवत असेल, आबा वाद घालत नसत. आपली वेळ येईल याची त्यांना खात्री असायची, आणि ती नाही आली तरी त्यांना चालायचं.

ती वेळ ज्यामुळे आली ती गोष्ट आता.

डॉक्टरांच्या आई नागपुरात वर्षाची बेगमी करत. बेगमी म्हणजे उन्हाळ्यातच वर्षभराचे गहू, डाळी, तिखट, पापड भरून ठेवायचे. घरात वर्षाचं भरलेलं असलं की बाहेर काहीही होवो. हे संस्कार इतके खोल, की एका मे महिन्यात डॉक्टरांनी डिझेलची बेगमी केली. दोन मोठे ड्रम भरून शेडमध्ये ठेवले, वर झाकणं, झाकणांवर कुंकवाचं बोट. आम्हाला मुद्दाम बोलावून दाखवले.

"वादळात पंप बंद पडला, तर? रस्ता उघडा आहे आणि टाकीत डिझेल नाही, तर? ते नाही होणार आता," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळा झाला होता. आम्हा सगळ्यांना तो दोन डायलिसिस चुकलेला आठवडा आठवला.

शालूताईंनी ड्रमवर टिचकी मारली. "अहो, तुमच्या आई गव्हाला एरंडेल चोळायच्या. याला काय चोळलंत?"

"डिझेलला कीड लागत नाही, शालू."

कीड लागत नाही हे खरं. पण डिझेलमध्ये मेण असतं. उन्हाळ्यातलं डिझेल अंगाने जाड, आणि थंडीत ते साजूक तुपासारखं थिजतं. म्हणून थंड प्रदेशात हिवाळा आला की पंपावरचं डिझेल बदलतात, पातळ करतात. पंपावर भरणाऱ्याला हे माहीत असायची गरजच नसते. पंपवाला त्याची काळजी घेतो. वानखडे दर हिवाळ्यात पंपावरच भरत आले होते. ट्रकबद्दल जे जे माहीत हवं ते सगळं त्यांना माहीत होतं. फक्त स्वतः पंपवाला झाल्यावर त्याचं काम आपल्याकडे येतं, एवढं त्यांच्या लक्षात आलं नाही.

जानेवारीतला तो शुक्रवार. आदल्या दिवशी त्यांनी हौसेने ड्रममधून टाकी भरली होती. सकाळी उणे बत्तीस. आकाश निळंभोर, रस्ता साफ केलेला, बर्फाचा ढीग कुठे औषधालाही नाही. म्हणजे ज्या बर्फासाठी हा हत्ती पाळला तो बर्फ त्या दिवशी रजेवर होता. पाट मांडला, शालूताई चढल्या, दिवा लागला, गॅसची चौकशी झाली, श्श् झालं, इंजिन उठलं.

"ऐका आवाज," डॉक्टर म्हणाले. "तुमचं मशीन उठलं का आज, वहिनी?"

सहा-सात मैल गेलो आणि ट्रकला दम लागल्यासारखा आवाज झाला. वेग कमी झाला. डॉक्टरांनी पाय दाबला, ट्रकने ऐकलं नाही, आणि एका शेताच्या कडेला तो शांतपणे थांबला.

डॉक्टर उतरले. पुढचं झाकण उघडून बराच वेळ आत डोकं घालून होते. परत येऊन म्हणाले, "इंजिन एकदम ओके आहे. गरम आहे. बॅटऱ्या ओके."

"मग आपण काहून थांबलो?" शालूताईंनी विचारलं.

डिझेल गाळणारा फिल्टर त्यांच्याजवळ जादा असायचाच. त्यांनी जुना काढला. हातमोज्यांत बोटं वळेनात म्हणून मोजे काढले. फिल्टर घेऊन ते खिडकीशी आले तेव्हा आम्ही तिघांनी त्यात पाहिलं. आत पिवळट पांढरं, घट्ट, रवाळ.

"तूप झालं," शालूताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी नवा फिल्टर बसवला. दिवा लागला, या वेळी कुणी बोललं नाही. इंजिन उठलं, दोन मिनिटं चाललं, पुन्हा बसलं. नवा फिल्टरही भरला होता. एवढी मोठी टाकी भरून तूप, फिल्टर तरी काय करणार?

मी आबांना फोन लावला. गाडीतली ऊब भराभर जात होती. काचेवर आतून बर्फाची नक्षी उमटायला लागली. डॉक्टरांनी आपला कोट काढून शालूताईंच्या अंगावर घातला, आणि त्यांचं मनगट धरून बसले. त्यांची स्वतःची बोटं पांढरीफटक पडली होती. मी माझी शाल पुढे केली तर ती त्यांनी न बघता शालूताईंच्या पायांवर टाकली. तो माणूस पुन्हा श्वास ऐकत होता, आणि या वेळी शालूताईंना तिथे त्यानेच आणून ठेवलं होतं.

आबा आले. शिलाई मशीनमध्ये. हीटर भरपूर सोडलेला, पुढच्या सीटवर घोंगडी पसरलेली. ते उतरले, शालूताईंना हात दिला, आणि ट्रककडे एकदाही पाहिलं नाही. बाळांनो, मोठ्या मनाचा माणूस म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. मी स्वतः चांगलं निरखून पाहिलं.

पुढे शालूताई, मागे मी आणि डॉक्टर. त्या सीटवर डॉक्टरांचे गुडघे हनुवटीला टेकले होते, आणि मांडीवर पाट. तो ट्रकमध्ये ठेवून यायचं त्यांना सुचलं नव्हतं, आणि छोट्या मोटारीत चढायला पाट लागत नाही. मैलच्या मैल कुणी बोललं नाही. शेवटी शालूताईंनी मान वळवली.

"अहो, बोला की काहीतरी. इथे दिवा नाही कुठला."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. आबांनी आरसा थोडा वर केला, म्हणजे त्यांना मागचं दिसू नये.

उशीर झाला होता, पण सेंटरमधल्या नर्सबाईंनी सोय लावली. डायलिसिस चुकलं नाही.

या प्रकाराबद्दल वानखडे पुढे कधीही, कुणाकडेही, एक शब्द बोलले नाहीत. माफी, आभार, चूक झाली, काही नाही. ड्रम वसंत ऋतू येईपर्यंत शेडमध्ये तोंड लपवून बसले. पण त्या शनिवारी संध्याकाळी आमच्या गॅरेजमध्ये खुडबुड ऐकू आली. जाऊन पाहते तर डॉक्टर जमिनीवर पालथे, डोकं आमच्या मोटारीखाली.

"काय करता हो, डॉक्टर?"

"चुंबकाने चिकटणारा हीटर लावून राहिलो. खालून तेल गरम ठेवतो."

"पण ती गॅरेजमध्येच असते. रोज सुरू होते."

"आजपर्यंत," ते मोटारीखालून म्हणाले.

त्यांच्या शेडपासून आमच्या गॅरेजपर्यंत, अंगण ओलांडून, बर्फावरून, एक नवी कोरी नारिंगी वायर आली होती. आमच्या गॅरेजमध्ये विजेचा पॉइंट नव्हता असं नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते आधी ट्रकला कान लावायचे आणि मग आमच्या मोटारीला. शिलाई मशीन हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत तो ट्रक एकदाही अडला नाही. डिझेल पंपावरचं, शिवाय ते थिजू नये म्हणून वरून औषध. थंडीने म्हणून शालूताईंचं एकही डायलिसिस चुकलं नाही. डॉक्टरांनी थंडीला दारातून आत येऊच दिलं नाही. मग शालूताई जूनमध्ये गेल्या. खिडक्या उघड्या होत्या, बाहेर कुणीतरी गवत कापत होतं, आणि दुपारच्या झोपेत त्यांचं हृदय थांबलं. इतक्या तयारीनिशी एका दारावर पहारा द्यावा, आणि दुसरं दार वाऱ्यासाठी उघडं असावं, तसं झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. अंगणात डास घोंगावत होते, आम्ही पंखा लावून बसलो होतो. त्यांनी ट्रकची वायर जोडली आणि इंजिनाला कान लावला. आबा उठायला लागले. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

त्या दिवाळीत निखिल त्यांना चँडलरला, तुमच्याच कॉलनीतल्या आपल्या घरी, घेऊन गेला. म्हणजे निखिल विमानाने गेला. डॉक्टर ट्रकनेच गेले. जाताना आमच्या गॅरेजमधली नारिंगी वायर त्यांनी नीट गुंडाळून खिळ्याला टांगली. "आबासाहेब आहेत, पण तुम्हीही लक्ष ठेवा," एवढंच मला म्हणाले. आता आबा नाहीत, मीच लक्ष ठेवते. हिवाळ्यात त्यांचा संध्याकाळी फोन येतो. "तिकडे किती?" मी आकडा सांगते. "जोडली?" "जोडली." मग फोन बंद. निखिलने ट्रकचा तो लोंबता प्लग कापून टाकू का म्हणून दोनदा विचारलं. डॉक्टरांनी दोन्ही वेळा त्याला चहा करायला पाठवलं.

आणि अर्णव, मागच्या वर्षी मी तुमच्याकडे आले होते तेव्हाची गोष्ट. तुम्ही दोघं शाळेत होतात. डॉक्टर मला देवळात न्यायला आले. बाहेर ऊन रणरणत होतं. त्यांनी त्या लोंबत्या प्लगवरची धूळ रुमालाने पुसली, प्लग जाळीत खोचला आणि मागून पाट काढून माझ्यासमोर मांडला. मी त्यावर पाय ठेवून चढले. आयुष्यात पहिल्यांदा त्या ट्रकमध्ये मी पुढे बसत होते.

त्यांनी किल्ली अर्धी फिरवली. दिवा लागला आणि लगेच विझला. इतक्या उन्हात त्याला लागायचंही कारण नव्हतं. मी सवयीने गप्प बसले होते. डॉक्टरांनी किल्ली पुरती फिरवली नाही. हात तसाच ठेवून ते समोर बघत राहिले. मी वाट पाहिली. ते वाट पाहतच होते.

"बोला न काहीतरी, वहिनी," ते म्हणाले.

मी पट्टा ओढून लावला. मग सुचलं.

"डॉक्टर, गॅस बंद केला का?"

"केला," ते म्हणाले, आणि त्यांनी किल्ली फिरवली.